एचपीएलसी कॉलममधले कण गोल का असतात आणि त्यामुळे फ्लोचं नेमकं काय होतं

एचपीएलसी ही क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजायची, एक पद्धत, त्यात सिलिकाच्या बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, पंपाने द्रव ढकलतात. आता मेथड एकच, मोबाईल फेज म्हणजे ढकलायचा द्रव तोच, फ्लो तोच मिनिटाला १ एमएल, आणि दोन्ही कॉलमच्या डब्यावर लिहिलंय तेही सेम, सी१८ (कणांवरच्या लेपाचा प्रकार), ५ मायक्रॉन, १५० बाय ४.६ मिलिमीटर. तरी एका कॉलमवर बॅकप्रेशर, म्हणजे द्रव ढकलायला लागणारं प्रेशर, ६० बारच्या आसपास बसतं आणि दुसऱ्यावर ९० च्या वर जातं. औषध कंपन्यांच्या क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये काम करणाऱ्यांना हे नवीन नाही, तारापूरला विचारा, वाळूजला विचारा, गोव्यात वेर्ण्याला विचारा. उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं, "कंपनी वेगळी आहे ना". कंपनी वेगळी म्हणजे आत काय वेगळं, ते मात्र कुणी सांगत नाही.

आत वेगळी असते ती सिलिकाच्या कणांची साईज, त्यांचा शेप, आणि ते एकमेकांना लागून कसे बसलेत ते. यातलं साईजचं सगळ्यांना माहीत असतं, कण बारीक की प्रेशर जास्त. शेपबद्दल मात्र एक अर्धवट गोष्ट फिरत असते की गोल कणांवरून द्रव सहज घसरतो म्हणून प्रेशर कमी येतं. हे इतकं सोपं नाहीये, आणि माझ्या मते हे असं डोक्यात बसलं की पुढचं सगळं चुकीचं समजतं. कणाचा शेप फ्लोवर जे काही करतो ते कणांमधल्या फटींमार्फत करतो. फटी एकूण किती, त्यांना भिंती किती, आणि सगळ्या फटी एकमेकींसारख्या आहेत का, हे तीन प्रश्न वेगळे ठेवले की गोष्ट उलगडते.

आधी कॉलमच्या आतलं चित्र बघू. १५० बाय ४.६ च्या नळीचं पोट साधारण अडीच एमएल. त्यात ५ मायक्रॉनचे गोल कण भरले तर हिशोबाने २,३०० कोटींच्या आसपास कण बसतात. मोकळी जागा दोन प्रकारची असते, एक कणाच्या आतली छिद्रं, जी १०० अँगस्ट्रॉम वगैरे, म्हणजे मायक्रॉनच्या शंभराव्या भागाएवढी असतात, आणि दुसरी दोन कणांमधली फट, जी मायक्रॉनच्या हिशोबात असते. म्हणजे फट ही छिद्रापेक्षा शंभरपट तरी मोठी, त्यामुळे पंपाने ढकललेला मोबाईल फेज जवळपास सगळा फटींमधूनच जातो, छिद्रांच्या आत रेणू फक्त डिफ्युजनने, म्हणजे आपोआप पसरत, येतात-जातात. आणि हा प्रवाह एकदम शांत असतो, रेनॉल्ड्स नंबर काढला तर ०.००५ च्या आसपास येतो, म्हणजे भोवरे-बिवरे काही नाही, प्रत्येक थेंब आपापल्या वाटेने वळणं घेत पुढे सरकतो. सगळा विरोध हा फक्त भिंतींना घासून होणारा.

या विरोधाचा हिशोब करायचं समीकरण फार जुनं आहे आणि ते क्रोमॅटोग्राफीवाल्यांनी काढलेलं नाही. योसेफ कोझेनीने १९२७ मध्ये जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यासाठी ते मांडलं, १९३७ मध्ये कारमनने ते सुधारलं. त्यात असं म्हटलंय की प्रेशर हे द्रवाच्या व्हिस्कॉसिटीच्या, लांबीच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढतं, कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतं, आणि शेवटी पोकळीचा एक गुणक असतो जो बघताना साधा वाटतो पण सगळा खेळ तिथेच आहे. पोकळी म्हणजे एकूण जागेपैकी फटींचा वाटा. त्या गुणकात खाली पोकळीचा घन असतो, आणि वर (एक वजा पोकळी) याचा वर्ग.

आकडे घालून बघू म्हणजे पटेल. ५ मायक्रॉनचे गोल कण, नुसतं पाणी, मिनिटाला १ एमएल, पोकळी ४० टक्के, तर प्रेशर येतं साधारण ६१ बार. आता बाकी काहीही न बदलता पोकळी ४० वरून ३६ टक्के करा, उत्तर येतं ९५ बार. चार टक्क्यांच्या फरकात दीडपटीहून जास्त! आणि ३६ ते ४० ही काही कल्पनेतली रेंज नाही, गोल कण नुसते ओतले तर ४० च्या आसपास पोकळी राहते आणि ठोकून घट्ट बसवले तर ३६ पर्यंत उतरते, त्याच्या खाली कण शिस्तीत रचल्याशिवाय जाता येत नाही. म्हणजे सुरुवातीला म्हटलं ते ६० आणि ९० बारचं कोडं दोन्ही कॉलममध्ये कण गोल असतानाही पडू शकतं. मिथेनॉल-पाणी अर्धं-अर्धं घेतलं तर व्हिस्कॉसिटी पाण्याच्या दीडपटीहून जास्त होते, म्हणून हेच आकडे अजून वर जातील, पण दोघांमधलं प्रमाण तेच राहील.

आता कणांचा शेप बदलू. एका बरणीत साबुदाणा भरा आणि दुसरीत तेवढ्याच दाण्याची खडीसाखर. साबुदाणा पटकन बसतो, बरणी आपटली की थोडासा खाली जातो आणि थांबतो. खडीसाखरेचे कोपरे एकमेकांत अडकतात, मध्ये मोठाले पोकळ कोनाडे राहतात, आणि बरणी आपटत राहिलात तर बराच वेळ पातळी खाली जात राहते. सिलिकाचंही अगदी तसंच होतं, फुटक्या काचेसारख्या वेड्यावाकड्या कणांचा बेड बहुतेक वेळा जास्त पोकळ बसतो, समजा ४५ टक्के धरू. मग कोझेनी-कारमनप्रमाणे प्रेशर ६१ वरून ३६ बारवर यायला पाहिजे. म्हणजे गोल कणांपेक्षा वेडेवाकडे कण चांगले?

इथे दुसरा प्रश्न येतो, भिंती किती. ठरावीक व्हॉल्यूमला सगळ्यात कमी पृष्ठभाग असलेला शेप म्हणजे गोळा. त्या गोळ्याचा पृष्ठभाग भागिले आपल्या कणाचा पृष्ठभाग याला स्फेरिसिटी म्हणतात, गोळ्याची १, घनाची ०.८१, आणि तुटक्या, टोकदार कणाची अजून खाली. प्रेशर या स्फेरिसिटीच्या वर्गाच्या उलट वाढतं. स्फेरिसिटी ०.७ धरली तर घर्षण दुप्पट, म्हणजे मगाचे ३६ बार परत ७३ वर. दोन परिणाम एकमेकांच्या विरुद्ध ओढत होते आणि शेवटी गोल कणांपेक्षा १२ बार जास्तच भरले. हे आकडे मी हिशोबासाठी धरलेत, खऱ्या कॉलममध्ये कुठला परिणाम जिंकेल ते कण किती वाकडे आणि किती घट्ट भरलेत त्यावर ठरतं. म्हणून "गोल कण म्हणजे कमी प्रेशर" हा नियम म्हणून पाठ करू नका, तो बहुतेक वेळा खरा ठरतो पण त्यामागे एक वजाबाकी आहे.

या वजाबाकीची दोन टोकं बघायला मजा येते. एक टोक म्हणजे हायफ्लो, प्लांटमध्ये फिल्ट्रेशनला ज्याचा बेड लावतात तो. ती डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची माती, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर नळकांडी, चकत्या, जाळ्या, काट्या, एकही कण गोळ्याच्या जवळपास नाही. स्फेरिसिटीचं विचारूच नका. पण हे सांगाडे एकमेकांवर असे अडकून बसतात की बेडमध्ये घन पदार्थापेक्षा पोकळी कितीतरी जास्त राहते, आणि पोकळीचा घन सगळ्याला पुरून उरतो, म्हणूनच तर त्यातून द्रव छान निघतो. १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी गॅस क्रोमॅटोग्राफी दाखवली तेव्हा कॉलममध्ये याच जातीची माती भरलेली होती.

दुसरं टोक गुळगुळीत पण चपट्या कणांचं. २००४ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी एम अँड एम या चपट्या गोल चॉकलेटच्या गोळ्या भांड्यात भरून मोजल्या आणि सायन्स या जर्नलमध्ये छापलं की त्या कशाही ओतल्या तरी सुमारे ६८ टक्के जागा भरतात, गोळे मात्र ६४ टक्क्यांवर अडतात. एकही टोक नाही, एकही कोपरा नाही, तरी पोकळी ३६ वरून ३२ वर आली. अशा शेपचे सिलिका कण कॉलममध्ये भरले तर फक्त पोकळीमुळेच प्रेशर १.६ पट होईल, घर्षण वेगळंच. म्हणजे गोलपणापासून दूर गेलं की पोकळी वाढेल का कमी होईल हे शेप कुठल्या दिशेने बिघडलाय त्यावर आहे, खडबडीत आणि टोकदार झाला तर बहुधा वाढते, किंचित चपटा झाला तर कमी होते.

इथे साईजबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी कारण ती शेपशी जोडलेली आहे. गोळ्याला एकच व्यास असतो, वाकड्या कणाला कुठला व्यास लावायचा? चाळणीने मोजलं तर लांबट कण उभा होऊन आरपार जातो आणि बारीक म्हणून नोंदला जातो. कूल्टर काउंटर कणाचं व्हॉल्यूम बघतं आणि तेवढ्या गोळ्याचा व्यास सांगतं. लेझरवाली पद्धत प्रकाश कसा पसरला त्यावरून अंदाज बांधते. तिन्ही आकडे वेगवेगळे येऊ शकतात आणि डब्यावर छापला जातो एकच, ५ मायक्रॉन. गोल कणांमध्ये हा घोळ बराच मिटतो. आणि तो ५ सुद्धा सरासरी असतो बरं का, त्या सरासरीभोवती कण किती पसरलेत ते लेबलवर नसतं, थोडेसे बारीक कणसुद्धा एकूण पृष्ठभाग बराच वाढवतात आणि मोठ्यांच्या फटीत जाऊन बसतात.

इथपर्यंत फक्त प्रेशर झालं, आणि खरं सांगायचं तर प्रेशर हा या विषयातला कमी महत्त्वाचा भाग आहे. पंप दमदार घेतला की प्रेशरचं निभतं. पीक, म्हणजे डिटेक्टरच्या आलेखावर पदार्थाचा दिसणारा उंचवटा, रुंद झाला तर मात्र पंप बदलून काही होत नाही. म्हणून तिसरा प्रश्न, सगळ्या फटी एकमेकींसारख्या आहेत का.

बारीक नळीतून शांत प्रवाह जातो तेव्हा सरासरी वेग नळीच्या त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. एक फट दुसरीपेक्षा दुप्पट रुंद असेल तर तिच्यातला द्रव चौपट वेगाने धावतो, आणि ती सोळा पट द्रव वाहून नेते. आता विचार करा, एकाच क्षणी इंजेक्ट झालेले एकाच पदार्थाचे रेणू, त्यातले काही रुंद वाटेला लागले आणि काही अरुंद वाटेला, खाली डिटेक्टरपाशी पोचताना ते मागेपुढे होणारच. हाच तो, पीक किती रुंद होईल ते सांगणाऱ्या व्हॅन डीम्टर समीकरणातला ए टर्म, १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या शेलच्या लॅबमध्ये व्हॅन डीम्टर, झुइडरवेग आणि क्लिंकेनबर्ग यांनी मांडला तो. त्यात कणाचा व्यास असतो आणि त्याच्या सोबत पॅकिंग किती एकसारखं आहे ते सांगणारा एक गुणक असतो. वेड्यावाकड्या कणांचा पोकळ बेड या गुणकात मार खातो, कारण त्याची जास्तीची पोकळी सगळीकडे सारखी वाटलेली नसते, इथे मोठा कोनाडा आणि शेजारी दोन सपाट बाजू एकमेकींना चिकटलेल्या, अशी असते. सरासरी पोकळी ४५ टक्के असूनही उपयोग नाही मग. गोल कणांच्या फटीसुद्धा सगळ्या एकसारख्या नसतात पण त्यांच्यातला फरक आटोक्यात असतो.

यात रेणूंना वाचवतं ते आडवं डिफ्युजन. एखादा रेणू कायम रुंद फटीत राहत नाही, बाजूला सरकून दुसऱ्या वाटेला लागतो, आणि असं पुरेशा वेळा झालं की सगळ्यांची सरासरी सारखी होते. क्रोमॅटोग्राफीच्या सिद्धांतावर काम करणाऱ्या गिडिंग्जने हे फार नीट मांडलंय. फटींमधला फरक एकदोन कणांच्या अंतरावरचा असेल तर तो लगेच पुसला जातो, पण कॉलमचा मधला भाग एक घट्ट आणि भिंतीजवळचा सैल असा मोठ्या अंतराचा फरक असेल तर रेणूंना तेवढं अंतर आडवं जायला वेळच मिळत नाही. प्लेट्स म्हणजे कॉलम किती नीट वेगळं करतो त्याचं माप, जितक्या जास्त तितकं चांगलं. प्लेट्समध्ये बोलायचं तर चांगल्या भरलेल्या गोल कणांच्या कॉलममध्ये एका प्लेटची उंची कणाच्या व्यासाच्या दुप्पट येते, म्हणजे आपल्या १५० च्या कॉलमला १५,००० प्लेट्स. तीच उंची व्यासाच्या तिप्पट झाली तर १०,००० उरतात, कण तेवढेच, लांबी तेवढीच.

आणि बेड एकसारखा बसवणं हेच तर भरण्याच्या वेळचं खरं काम आहे. ५ मायक्रॉनची कोरडी पावडर नळीत ओतून भरता येत नाही, ती द्रवात कालवून, स्लरी करून, वापरताना लागेल त्यापेक्षा बऱ्याच जास्त प्रेशरने ठासतात. गोल कण या वेळी एकमेकांवरून फिरतात, सरकतात, आपली जागा शोधतात. टोकदार कण अडकतात, कमान तयार करतात आणि कमानीखाली पोकळ जागा तशीच राहून जाते. कॉलम पाठवला जातो, लॅबमध्ये शे-दोनशे इंजेक्शन होतात, मग एक दिवस पंप झटक्याने सुरू होतो, कमान कोसळते, बेड खाली बसतो, वर रिकामी जागा तयार होते आणि पीक फुटून दोन दिसायला लागतात. शिवाय कोपरे मोडतात. मोडलेला चुरा फ्लोबरोबर खाली जाऊन शेवटच्या फ्रिटवर (कण अडवणाऱ्या टोकाच्या जाळीवर) साचतो आणि प्रेशर हळूहळू चढत राहतं.

१९७० च्या दशकात लोक हे सगळं सहन करत होते कारण सिलिका जेलचा दगड करून, दळून, चाळून कण काढायचे हीच सोपी पद्धत होती. वॉटर्स कंपनीचा मायक्रोबाँडापॅक सी१८ असाच, १० मायक्रॉनचा वेडावाकडा कण, आणि त्या काळच्या कित्येक मेथड्स त्याच्यावर बसवलेल्या. गोल कण दळून मिळत नाहीत, ते वाढवावे लागतात. ड्यूपाँट कंपनीत जॅक कर्कलंडने झॉरबॅक्स हा गोल कण केला तो असा, सिलिकाचे अतिसूक्ष्म कण युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या पॉलिमरबरोबर गोळ्यांच्या रूपात एकत्र आणायचे आणि मग पॉलिमर जाळून टाकायचा, मागे सच्छिद्र गोळा उरतो. मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ मध्येच लिहून ठेवलं होतं की खूप बारीक कण आणि जास्त प्रेशर वापरलं तर सेपरेशन सुधारेल, पण कण बारीक करत जाताना टोकदार चुरा घेऊन १.७ मायक्रॉनपर्यंत पोचता आलं असतं असं मला वाटत नाही. ५ वरून १.७ वर आलं की आपले ६१ बार सव्वापाचशेच्या पुढे जातात, अशा प्रेशरमध्ये कण गोल, मजबूत आणि चुरा नसलेला असणं ही गरजच होऊन बसते.

तरी गोल कणाचंही एक दुखणं आहे, ते म्हणजे स्टीलची गुळगुळीत भिंत. भिंतीला गोळे एका रांगेत टेकतात, त्यांच्यावर दुसरी रांग, आणि भिंतीपासून चार-पाच कणांपर्यंत पोकळी वर-खाली होत राहते, अगदी भिंतीला लागून तर जवळजवळ सगळी जागा मोकळी. वाकडेतिकडे कण असे रांगेत लागत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात हा चढउतार लवकर विरतो. गोळ्यांना किंचित खडबडीतपणा असेल तर काय होतं हेही कोअर-शेल कणांमुळे चर्चेत आलं. २००६ मध्ये आलेला हॅलो, कर्कलंडच्याच कंपनीचा, २.७ मायक्रॉनचा कण ज्यात १.७ चा भरीव गाभा आणि वर अर्ध्या मायक्रॉनचं सच्छिद्र कवच. त्याची प्लेट उंची व्यासाच्या दीडपटीपर्यंत खाली आली. सुरुवातीला सगळे म्हणाले की कणांची साईज फारच एकसारखी आहे म्हणून हे झालं, साईजमधला फरक फक्त ५ टक्क्यांच्या आसपास, नेहमीच्या कणांमध्ये तो २० पर्यंत जातो. पण गिओशाँ आणि ग्रिटी या संशोधकांचं म्हणणं असं की या कणांचा पृष्ठभाग जरा खडबडीत असल्यामुळे ते भरताना कमी घसरतात आणि मध्यापासून भिंतीपर्यंत बेड जास्त एकसारखा बसतो. मला हा मुद्दा फार आवडतो, कारण यात गोलपणा सोडायचा नाहीये, गोल कण भरताना कसा वागतो ते बघायचंय.

वेडेवाकडे कण संपलेत असं कुणी समजू नये. ऑर्गॅनिक लॅबमध्ये रोज जो फ्लॅश कॉलम लागतो, डब्ल्यू. क्लार्क स्टिल आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये सांगितलेला, त्यात ४० ते ६३ मायक्रॉनची, म्हणजे २३०-४०० मेशची, दळलेली सिलिकाच भरतात. इतक्या मोठ्या कणांना प्रेशर नगण्य लागतं, सिलिका एकदा वापरून टाकायची असते, आणि गोल सिलिकाचा खर्च तिथे परवडत नाही. एकमेकांत अडकलेला बेड सहसा हलत नाही हाही तिथे फायदाच. आणि दुसऱ्या टोकाला कणच नको म्हणणारे लोक आहेत, मोनोलिथमध्ये सिलिकाचा एकच सलग सच्छिद्र दांडा असतो आणि पोकळी एकूण ८० टक्क्यांच्या वर, ब्रसेल्समध्ये देस्मेट यांच्या गटाने सिलिकॉनच्या चकतीवर खांबांच्या सरळ रांगा कोरून कॉलम केले, न्यूझीलंडमध्ये फी यांच्या गटाने वेगवेगळ्या शेपचे कण हवे तसे रचून थ्रीडी प्रिंटरने कॉलम छापले. तिघांचाही रोख एकाच गोष्टीवर, फट आपल्याला हवी तशी करता येते का.

आता लॅबमध्ये याचं काय करायचं. दोन कॉलमच्या प्रेशरची तुलना करायची असेल तर आधी कॉलम काढून त्या जागी युनियन (दोन ट्यूब थेट जोडणारा तुकडा) जोडा, सिस्टिमचं स्वतःचं प्रेशर किती येतं ते बघा आणि ते वजा करा, नाहीतर कॉलमचा दोष म्हणून जे बघताय ते ट्यूबिंगचं असतं. मग दोन्ही कॉलमवर एकच सॉल्व्हंट, एकच तापमान. नवीन कॉलमचं प्रेशर जास्त पण प्लेट्स चांगल्या आणि पीक सरळ असेल तर बेड घट्ट भरलाय, काळजीचं कारण नाही. प्रेशर कमी आणि प्लेट्सही कमी असतील तर बेड सैल असण्याची शक्यता जास्त, तो पुढे बसेल. प्रेशर रोज थोडं थोडं चढत असेल तर चुरा किंवा सॅम्पलची घाण, आधी गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधी लावलेला छोटा कॉलम) बदलून बघा. जुनी मेथड वेड्यावाकड्या कणांच्या कॉलमवरून गोल कणांवर नेत असाल तर फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या मानकांचं पुस्तक, लांबी भागिले कणाची साईज हे गुणोत्तर बघायला सांगतं, उणे २५ ते अधिक ५० टक्क्यांची मुभा देतं, पण त्या गुणोत्तरात शेप कुठेच नाही, त्यामुळे गुणोत्तर जुळलं तरी प्रेशर आणि प्लेट्स जुळतीलच असं धरून चालू नका. रिटेन्शन, म्हणजे पदार्थ कॉलममध्ये किती वेळ अडकतो ते, बदललं तर मात्र ते शेपच्या माथी मारू नका, ते सिलिकाच्या शुद्धतेमुळे, पृष्ठभागामुळे आणि कार्बन लोडमुळे (कणावर सी१८ चा लेप किती आहे त्यामुळे) बदलतं. आणि कॉलम घेताना कंपनीकडून सर्टिफिकेटबरोबर कणांचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो आणि साईज किती पसरलीये त्याची माहिती मागून घ्या, बऱ्याच कंपन्या मागितलं की देतात.